पुढे केलेला हात

३ फेब्रुवारी, मंगळवार

काचेच्या व्यापाऱ्याने नेहमीप्रमाणे डायरी दिली. दरवर्षी हिच्यात मापं लिहितो. खिडकी एवढी, टेबल तेवढं, गिऱ्हाईक कटकटं. यंदा दुसरंच लिहायचंय. बोलायला माणूस नाही, म्हणून लिहायचं.

गोष्ट अशी की मला काही वाटेनासं झालंय. बायकोबद्दल. स्पष्टच लिहितो, इथे कोणाची लाज धरायची? वर्ष होऊन गेलं. आधी वाटलं दमणूक आहे, मग वाटलं वय झालं. पण चव्वेचाळीस हे काय वय आहे? माझा बाप साठीत शिडीवर चढून काचा बसवत होता. मी जेवलो की खुर्चीतच पेंगतो. दाढी चार-चार दिवस करावी लागत नाही. लांब्या म्हणतो, "दाजी, ब्लेडचा खर्च वाचला की तुमचा!" लांब्या म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. माझ्याच दुकानात कामाला आहे, दारातून वाकून येतो इतका उंच. त्याला हसायला काय जातंय?

बायकोशी भांडण नाही, अबोलाही नाही. चहा होतो, जेवण होतं, बिलं भरली जातात. पण हल्ली ती माझ्याकडे बघते तेव्हा हिशेब न लागल्यासारखं बघते. मी उठून जातो.

६ फेब्रुवारी

आज सलूनचं काम होतं, भिंतभर आरसे. आरसे बसवणाऱ्याला स्वतःचं तोंड चुकवता येत नाही. गाल सुजल्यासारखे दिसतात, छाती लोंबायला लागलीय. हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात, इथे तर अख्खी भिंत होती. मी पाठ करून सिलिकॉन भरत बसलो.

सलूनवाला चहा घेऊन बाजूला येऊन उभा राहिला तो न बोलता. मी वळलो आणि माझ्या कोपराने कप त्याच्या अंगावर. माणूस मांजरासारखा येतो आणि वर मलाच म्हणतो, "बघून वळा हो!" लांब्याने फडकं आणलं.

कपाळामागे सारखं ठणकतंय. सिलिकॉनचा वास बाधतो हल्ली.

१२ फेब्रुवारी

आमच्या नेहमीच्या डॉक्टरकडे गेलो. बाहेर ओळखीची तीन माणसं बसलेली. आत गेल्यावर धीरच होईना. म्हणालो, "दमतो फार." त्याने रक्तदाब बघितला, म्हणाला, "टेन्शन कमी करा," आणि ताकदीच्या गोळ्या दिल्या. अजून काही आहे का म्हणून विचारलंही होतं त्याने. मी नाही म्हणालो. झाली मूठ झाकून. सव्वा लाखाची!

१९ फेब्रुवारी

परवा काम संपल्यावर, भरल्या पोटी, गावच्या दुसऱ्या टोकाच्या लॅबमध्ये जाऊन स्वतःच रक्त दिलं. आज कागद मिळाला. टेस्टोस्टेरॉनचा आकडा इतका खाली की लॅबवाल्याने लाल पेनाने गोल केलाय. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? रडू यायचं ते आलं नाही, उलट बरं वाटलं. निदान माझं मन मेलं नाही, माल संपलाय.

पण हे कोणाला दाखवू?

२१ फेब्रुवारी

दाखवलं. दुकानासमोरच्या जिमचा मास्तर आहे, दंड माझ्या मांडीएवढे. त्याच्या जिमचे आरसे मीच बसवले. त्याने कागद उलटा धरून सरळ केला आणि म्हणाला, "शेठ, हे तर रोजचं आहे. एक सुई घ्या, घोडा व्हाल." म्हटलं, डॉक्टरला विचारू का? म्हणाला, "डॉक्टर सतरा टेस्ट सांगतो. आकडा कमी आहे ना? मग वाढवायचा. यात विचारायचं काय?" बोलणं पटलं. भिंतीला भोक पडलं तर पुट्टी भरतो आपण, भोक का पडलं ते थोडंच विचारतो.

मागच्या खोलीत कमरेत सुई टोचून घेतली. दार लोटलेलंच होतं.

७ मार्च

दुसरी सुईही झाली. फरक आहे! अंगात जोर वाटतो. काल दुकानात एकट्याने टेबलाची काच उचलली. लांब्या ओरडला, "अहो दाजी, मी काय शोभेला आहे?"

मनातही काहीतरी हललं. कित्येक महिन्यांनी संध्याकाळी हिच्या खांद्यावर हात ठेवला. ही थिजल्यासारखी उभी राहिली. मग म्हणाली, "आज कशी आठवण झाली?" आणि कपड्यांच्या घड्या करायला निघून गेली. आता हिला काय झालं? बाईच्या मनातलं ब्रह्मदेवालाही कळत नाही म्हणतात ते खोटं नाही.

स्वयंपाकघराच्या चौकटीला खांदा पुन्हा आपटला. ही चौकट आमच्या लग्नाच्या आधीपासून तिथेच आहे. शक्ती आली, आता अंगाचा अंदाज यायला वेळ लागेल.

१८ मार्च

लांब्याचा हात कापला. माझ्यामुळे. आज लिहवत नाही.

१९ मार्च

लिहितो.

कापडाच्या दुकानात ट्रायल रूमचा आरसा न्यायचा होता. सहा फुटी, जाड, कडा घासलेला. दोघांनी उभा धरून न्यायचा. काच वाहायचा आमचा नियम बापाच्या वेळचा आहे. काच हातात असताना पुढच्याने बोलायचं, मागच्याने ऐकायचं. बोलायचं ते तीनच शब्द: उचल, थांब, टेक. दोघंही बोलायला लागले की काच कोणाचंच ऐकत नाही, असं बाप म्हणायचा.

पुढे मी होतो. लांब्या म्हणाला होता, "आज मी पुढे होतो." मी म्हणालो, "अजून मेलो नाही." सुईचा जोर, दुसरं काय! दाराशी मी थांब म्हणालोच नाही. दार मोकळं दिसलं मला. डावीकडचा कोपरा चौकटीला लागला आणि आरसा मधून गेला. पुढचा तुकडा मी सोडला. मागचा लांब्याने सोडला नाही, कारण त्याच्या बाजूला दुकानातली बाई उभी होती. हातमोजा फाडून काच अंगठ्याच्या मुळात शिरली.

इस्पितळात अंगठ्याची नस शिवली, स्नायूला हाडाशी बांधते ती. सर्जन म्हणाला, "अंगठा वाकेल की नाही हे दोन-अडीच महिन्यांनी सांगतो." काचवाल्याचा अंगठा गेला म्हणजे काय राहिलं?

ही भावाच्या उशाशी बसून होती. माझ्याकडे बघितलंही नाही.

२२ मार्च

लांब्याकडे गेलो. हात छातीशी बांधलेला, तोंडावर हसू. म्हणाला, "आता चार महिने भांडी घासायला नकोत." मग हसू गेलं. म्हणाला, "दाजी, एक विचारू? तुम्हाला ती चौकट दिसली नाही का?"

"दिसली असती तर आपटला असता का?"

"मला दिसत होती. कोपरा चाललाय चौकटीवर, हे मला मागून दिसत होतं."

"मग बोलला का नाहीस, गाढवा?"

"पुढच्याने बोलायचं, मागच्याने ऐकायचं. मला वाटलं, दाजी पुढे आहेत, त्यांना दिसतंय." मग म्हणाला, "किती दिवस झाले, मी मागून काच तिरकी करून घेतोय. तुमच्या लक्षात आलं नाही?"

नाही आलं. लांब्या म्हणाला, "डोळे दाखवा." लगेच चष्म्याच्या दुकानात गेलो. शेवटची ओळ, मुंगीएवढी अक्षरं, घडाघडा वाचली. डोळे ठणठणीत आहेत. हिरकणीने काच कापतो ती रेघ अजूनही केसासारखी सरळ येते. माझं बिघडलंय ते दुसरीकडे. सुयांनी डोकं फिरलं असेल. मास्तरला सांगितलं, बस झालं. तो म्हणाला, "आत्ता सोडलं तर पहिल्यापेक्षा खाली जाल." म्हटलं जाईन.

२५ मार्च

लांब्याच्या पट्टीसाठी इस्पितळात गेलो होतो. त्याला आत सोडून खिडकीवर हळूच विचारलं, "पुरुषांच्या हार्मोनचं कोण बघतं?" खिडकीतली बाई मोठ्याने, "काय? कोणाला दाखवायचंय?" मागे रांग. म्हटलं, "एका मित्राला." ती त्याच आवाजात म्हणाली, "मित्राला सांगा दुसरा मजला, ग्रंथींचे डॉक्टर!" मित्र दुसऱ्या मजल्यावर गेला. दारावर बाईचं नाव. मित्र जिन्याने खाली आला.

बाईमाणसासमोर हे कसं सांगायचं? मी माझ्या बाईमाणसालाच सांगू शकलो नाही.

२६ मार्च

सांगितलं.

ठरवून नाही. ही दुपारी लांब्याला डबा देऊन आली आणि एकदम म्हणाली, "माझ्या भावाचा हात मोडलात, निदान काय चाललंय ते तरी सांगा. कोणी आहे का दुसरी?"

मला हसू आलं. दुसरी! पहिलीला तोंड दाखवायची पंचाईत. लाल गोलाचा कागद काढून तिच्या हातात दिला. सुयांचंही सांगितलं, सगळं. तिने कागद दोनदा वाचला. मला वाटलं किळस करेल. म्हणाली, "मला वाटलं, मी नकोशी झाले."

"तू? अगं, तुझा काय संबंध?"

"संबंध नाही कसा? हात पुढे केला तरी बघत नव्हतात तुम्ही."

"कधी?"

"कधी म्हणजे! कितीदा. आई गेली त्या दिवशी इस्पितळाच्या बाकावर तुमच्या शेजारी बसले होते. हात पुढे केला. तुम्ही आपले समोरच्या भिंतीकडे बघत. मी हात परत घेतला. त्या दिवसापासून मी ठरवलं, आता आपण नाही मागायचं."

सासूबाई गेल्या तो दिवस मला आठवतो. भिंतीला उडालेला रंगसुद्धा आठवतो. हात आठवत नाही. दुःखात माणसाला भास होतात, तसं काही झालं असेल. पण तिला तसं म्हणालो नाही, एवढी अक्कल राहिलीय.

ती म्हणाली, "सोमवारी त्या डॉक्टरीणबाईंकडे जायचं. मी येणार. आणि मित्राला दाखवायचंय असं म्हणायचं नाही." खिडकीवरचं तिला लांब्याने सांगितलंय. कार्टं पट्टी सोडून कान देऊन बसलं होतं.

३० मार्च, सोमवार

डॉक्टरीणबाई वयाने माझ्यापेक्षा लहान. पण विचारायला लागली तेव्हा मी ओशाळायचाही विसरलो, इतकं सरळ. दाढी किती दिवसांनी करता? इच्छा कधीपासून नाही? छातीत दुखतं का, डोकं दुखतं का, मूल हवंय का? इंजेक्शनचं सांगितलं तर रागावली नाही, फक्त पेन खाली ठेवलं. म्हणाली, "संध्याकाळी जेवून दिलेल्या रक्तावर मी काही ठरवत नाही. हे सकाळी उपाशी पोटी बघायचं असतं, आणि एकदा नाही, दोनदा. आता तर इंजेक्शन अंगात आहे, तुमचा स्वतःचा आकडा इतक्यात कळायचा नाही. पण मला आकड्यापेक्षा कारण हवंय."

मग खुर्ची ओढून माझ्या समोर गुडघ्याला गुडघा लावून बसली. ही बाजूला बसलेली. डॉक्टरीणबाई म्हणाली, "माझ्या नाकाकडे बघा. नजर हलवायची नाही. बाजूला माझी बोटं हलताना दिसली की सांगा." आणि दोन्ही हात पसरले.

मनात म्हटलं, जखम मांडीला आणि मलम शेंडीला. मी आलोय कशाला आणि ही बाई बोटं कसली नाचवणार! पण बसलो नाकाकडे बघत. नाकावर तीळ आहे. बराच वेळ झाला. ती काही सुरू करेना. शेवटी मीच म्हणालो, "हलवा ना. मी तयार आहे."

मी तिळाकडे बघत राहिलो.

म्हटलं, "सुरू करा की, मॅडम."

हिच्या रडण्याचा आवाज आला. वळून बघितलं तर पदर तोंडात. "अहो," म्हणाली, "त्या केव्हापासून हलवतायत."

डॉक्टरीणबाईने हात हळूहळू आत आणले. तिच्या कानांपाशी आले तेव्हा मला बोटं दिसली. खरंच हलत होती.

पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं. डोळ्यापुढे अंधार वगैरे काही नाही हो. अंधार असता तर कळला असता! बाजूचं जग नाहीच, आणि नाही हेही दिसत नाही. चौकट, कप, लांब्याचा अंगठा. सगळं तिथेच होतं.

आजच स्कॅन, आजच रक्त. "याला थांबायचं नसतं," म्हणाली. स्कूटर बंद, शिडी बंद, काच बंद.

परतताना हिने माझं कोपर घट्ट धरलं होतं. मग म्हणाली, "मी डावीकडे बसले होते. त्या बाकावर." मी हो म्हणालो.

२ एप्रिल

गाठ आहे. कॅन्सर नाही, हे डॉक्टरीणबाईने आधी सांगितलं, मग बाकीचं. नाकाच्या मुळामागे, मेंदूखाली वाटाण्याएवढी ग्रंथी असते, तिच्यात. ही गाठ एक हार्मोन भरमसाठ सोडते, प्रोलॅक्टिन. बाळंतिणीला दूध येतं ते त्याच्यामुळे. ते वाढलं की टेस्टोस्टेरॉन बनवायचा निरोपच खाली जात नाही. आणि गाठ वर सरकली की डोळ्यांच्या नसा दाबते, तिथे नेमकं दोन्ही बाहेरच्या बाजूंचं दिसणं जातं.

बाळंतिणीचं हार्मोन! लांब्याला कळलं तर जन्मभर सुटका नाही.

विचारलं, "सुया घेत राहिलो असतो तर?"

"आकडा सुधारला असता. तुम्ही खूश झाला असता. गाठ वाढत राहिली असती."

डोळ्यांच्या मशीनवरही बसवलं. दिवा दिसला की बटण दाबायचं. मी इतका वेळ दाबलं नाही की वाटलं मशीन बिघडलंय. ते चालूच होतं.

बहुतेकांना गोळीने भागतं म्हणाली, आठवड्यातून दोनदा. नाही भागलं तर ऑपरेशन. "डोळे परत येतील?" असं हिने विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाली, "बऱ्याच जणांचे येतात. मी वचन देत नाही." खोटं वचन दिलं असतं तर मला आवडलं असतं. मास्तरने दिलं होतं, घोडा व्हाल म्हणून.

११ एप्रिल

गोळीने मळमळतं. भिंत धरून उठतो. दुकान बंद. लांब्याचा हात गळ्यात, माझे डोळे असे, दोघं मिळून एक धड माणूस होत नाही. त्याला सगळं सांगितलं. बाळंतिणीचंही. हसेल म्हणून वाट बघत होतो. तो म्हणाला, "मी बोलायला हवं होतं, दाजी." मी म्हटलं, "तू गप्प राहायचं हे मीच शिकवलं." जाताना दारात म्हणाला, "बाळंतिणीने जपून राहावं." आलं वळणावर!

भीती वाटते. आंधळा होण्याची, आणि आता सगळं कळल्यावरही मनात काही उगवलंच नाही तर, त्याचीही. दुसरी जास्त.

९ मे

घरात नवीन खूळ. ही येता-जाता माझ्या बाजूला उभी राहून बोटं हलवते. मी पेपर वाचत असतो, दाढी करत असतो. "दिसतंय?" "काय?" "काही नाही." आणि निघून जाते. परवा खिडकीत तासभर बसलो, नंतर कळलं ती बाजूला उभी होती. तिने ते सांगितलं नाही, तिचे डोळे लाल होते त्यावरून कळलं.

दाढी मात्र तिसऱ्या दिवशी करावी लागली. लिहून ठेवतो.

२१ मे

डोकं दुखायचं थांबलंय, कधी थांबलं ते कळलं नाही. सकाळी उपाशी पोटी रक्त दिलं. टेस्टोस्टेरॉन अजून कमी आहे, पण डॉक्टरीणबाई म्हणते, या खेपेचा आकडा तुमचा स्वतःचा. वर येतोय, येऊ दे, घाई नको. नाहीच आला पुरेसा, तर तेव्हा बघून, मोजून औषध देऊ.

लांब्याचा अंगठा अर्धा वाकतो. तो रबरी चेंडू दाबत हिंडतो. दुकान उघडलं, छोटी कामं घेतो. आता पुढे लांब्या, मागे मी. नियमही बदलला. ज्याला दिसेल त्याने ओरडायचं. बाप बघत असेल तर बघू दे.

१५ जून, सोमवार

इस्पितळात बोलावलं होतं. डोळ्यांचं मशीन, मग वरती डॉक्टरीणबाई. आधीची माणसं संपत नव्हती. आम्ही दुसऱ्या मजल्यावर बाकावर बसलो. ही डावीकडे बसली. हल्ली काही महिने ती समोरच बसते, मला दिसावी म्हणून.

समोर भिंत, तिच्यावर हात धुवा असा कागद. मी तो वाचत होतो. पुन्हा पुन्हा वाचत होतो, कारण आत काय सांगतील याची धास्ती होती. मशीनवर आज बटण बऱ्याचदा दाबलं होतं, पण उगाच दाबलं की दिसलं म्हणून दाबलं, याची माझी मलाच खात्री नव्हती.

कागद वाचता वाचता डावीकडे खाली, बाकापाशी, काहीतरी आलं. अंधुक, पण आलं. मी नजर कागदावरून हलवली नाही. म्हणालो, "पुरे आता. बोटं नको हलवूस. दिसतायत."

ती अगदी हळू म्हणाली, "बोटं कुठे हलवतेय? हात दिलाय."

मान न वळवता मी तो धरला.